कान्हळाची राई

चिखल या पदार्थाविषयी आमच्या मनात आयुष्याची साठ वर्षे फारसा आदर नव्हता. शाळेत आम्ही छत्तीस वर्षे संस्कृत शिकविले. उपपद तत्पुरुषाचे उदाहरण म्हणून ‘पंकज’ हा शब्द फळ्यावर किती वेळा लिहिला असेल, त्याची गणती नाही. पंकात जन्मते ते पंकज, एवढे सांगून आम्ही लगेच कमळाकडे वळत असू. पंकाकडे पाहण्याचे कारणच पडत नसे. अमरसिंहाने आपल्या कोशात चिखलास निषद्वर, जंबाल, पंक, शाद आणि कर्दम अशी पाच नावे दिली आहेत. ती आम्ही मुलांकडून घोकून घेतली. परंतु ज्या वस्तूस कोशकाराने पाच नावे दिली, ती आपण एकदा नीट पाहावी, हे मात्र आम्हांस कधी सुचले नाही.

घरचा संस्कारही त्याच बाजूचा होता. आमच्या घराण्यात दोन पिढ्यांपूर्वी वैद्यकी चालत असे. आयुर्वेदाच्या आचार्यांनी देशाचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार सांगितले आहेत. जांगल म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा, मोकळ्या वाऱ्याचा देश; आनूप म्हणजे जलमय, दाट झाडीचा, ओलसर वाऱ्याचा देश; आणि दोहोंची लक्षणे ज्यात मिसळली तो साधारण. आनूप देशी कफवाताचे विकार बळावतात, असे त्यांचे मत. त्यामुळे ‘ओलीत घर बांधू नये, ओलीत निजू नये, ओल दिसली की चर काढावा’ ही वडिलांची वचने आम्ही श्लोकांच्याही आधी शिकलो. या वचनांच्या बळावर आमच्या हातून एक गोष्ट घडली. ती पुढे सांगणारच आहोत. तूर्त गेल्या वैशाखातील एका लहानशा प्रवासाची हकिकत वाचकांपुढे ठेवतो.

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या पुण्यास वनस्पतिशास्त्र शिकते. सुटीत ती घरी आली होती. एके रात्री जेवणे आटोपल्यावर सारी मंडळी पडवीत वारा घेत बसली असता ती म्हणाली, “काका, आपल्याच जिल्ह्यात एक रान आहे. ते बारा महिने पाण्यात उभे असते. तुम्ही पाहिले आहे का?”

“खाडीकाठची तिवरे म्हणतेस काय?”

“नव्हे. तिवरे खाऱ्या पाण्यातली. हे रान गोड्या पाण्यातले, आणि झाडे जायफळाच्या कुळातली. आपण उद्या-परवा जाऊ या का? चिखल तुडवावा लागेल मात्र.”

हे ऐकून आमच्या सौभाग्यवती हसून म्हणाल्या, “काशी राहिली, रामेश्वर राहिले, आणि आता म्हातारपणी चिखलाची यात्रा!” सगळे हसले. तथापि जायफळ हा शब्द त्यांच्या कानी पडला होता, आणि स्वयंपाकघरातील ज्या डबीवर त्यांची सत्ता चालते, तिच्यातील वस्तूचे कुळ पाहावयास मिळणार म्हणून त्याही यात्रेस सिद्ध झाल्या.

कुडाळ तालुक्यातील आमच्या गावाहून आम्ही पहाटे निघालो आणि सावंतवाडी व बांदा मागे टाकून दोडामार्गास पोहोचलो. तेथून तिलारीच्या खोऱ्याकडे वळले की डाव्या-उजव्या हातास सह्याद्रीच्या सोंडा दिसू लागतात. वैशाखाचे ऊन सड्यावर अक्षरशः जळत होते. काळवंडलेला जांभा, त्याच्या फटींतून वाळलेले गवत, मधूनच करवंदीची जाळी. खाली उतारावर काजूच्या बागा आणि त्यांच्या पलीकडे रबराची लागवड. रबराची झाडे शाळेतील कवायतीस उभ्या केलेल्या मुलांसारखी एका उंचीची, एका अंतरावर उभी असतात. कोठे उघड्या टेकडीवर अननसाचे काटेरी ताटवे. या तालुक्यात २००२ साली कर्नाटकाच्या बाजूने रानटी हत्ती उतरले आणि तेव्हापासून येथील बागाईतदारांची झोप उडाली आहे. वाटेत मोडून टाकलेल्या केळी पाहिल्या, तेव्हा चालकाने गाडीचा वेग आपोआप वाढविला.

हेवाळे-बांबर्डे हे गाव याच खोऱ्यात आहे. तेथील एका वृद्ध शेतकऱ्यांशी पुतणीने आधीच बोलणे करून ठेवले होते. त्यांनी अंगणात आम्हांस गूळ-पाणी दिले, डोक्यास मुंडासे बांधले, हाती कोयता घेतला आणि आम्हांस घेऊन निघाले. अर्धी वाट तापल्या वाटेने तुडविल्यावर भूमी हळूहळू उतरू लागली. दोन टेकड्यांच्या बेचक्यात एक काळोखासारखी दाट हिरवी झाडी दिसली. तिच्या काठावर ते थबकले. कोयता त्यांनी एका दगडावर ठेवून दिला.

“गुरुजी, चपला हय काढा. पुढे देवाची जागा आसा. हयचा पान सुदा घराक नेवचा नाय, असो नेम.”

आम्ही पादत्राणे काढली. दहा पावले पुढे गेलो आणि पायाखाली एकदम थंड पाणी लागले.

त्या क्षणाचे वर्णन करताना आमची भाषा अपुरी पडते. मागे वळून पाहिले तर झाडांच्या फटीतून तोच तापलेला माळ डोळे दिपवीत होता. आणि आम्ही मात्र घोट्यापर्यंत गार, काळ्याशार चिखलात उभे होतो. वरती पानांचे छत असे एकसंध की उन्हाचा एखादाच कवडसा पाण्यावर पडून थरथरत होता. पाणी साचलेले भासे. पण पुतणीने एक वाळके पान त्यावर सोडले, तेव्हा ते रांगत्या मुलाच्या गतीने पुढे सरकू लागले. म्हणजे हा ओहोळच होता. परंतु भूमी सपाट मिळाल्यामुळे त्याची घाई संपली होती. पाण्यावर चतुर भिरभिरत होते. एका मुळाखालून खेकड्याने आपली नांगी बाहेर काढून आम्हांस न्याहाळले आणि आत घेतली. काठाने नेच्यांचे झुबके होते. बाकी शांतता.

आणि मग आम्ही मुळे पाहिली. झाड म्हटले की त्याचे मूळ भूमीच्या पोटात असावयाचे, अशी आपली समजूत. येथे मुळे पोटातून वर आली होती. कित्येक झाडांच्या बुंध्यापासून हातभर, दोन हात उंचीवरून मुळ्या फुटून तिरप्या खाली उतरल्या होत्या. पडक्या भिंतीस वासे लावून टेकू द्यावा, तसे प्रत्येक झाड स्वतःस टेकू देऊन उभे होते. इतरत्र चिखलातून मुळ्या वर येत, वाकत आणि पुन्हा चिखलात बुडत. मांडी घालून बसलेल्या माणसाचे गुडघे दिसावेत तशी ती वाकणे दिसत होती. “येथे कोणी ऋषी गुडघाभर चिखलात तप करीत बसले आहेत,” असे आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. आमच्या साऱ्या संस्कृताला एवढी उपमा सुचली नव्हती.

पुतणीने सांगितलेले या मुळांचे कारण आम्ही आमच्या शब्दांत देतो. मुळांसही श्वास घ्यावा लागतो. साध्या मातीच्या कणांमध्ये हवा खेळते. तीवर मुळांचे भागते. परंतु चिखलात ती सारी जागा पाण्याने भरलेली. जो काही प्राणवायू असतो तो सूक्ष्म जंतू संपवून टाकतात. अशा मातीत साध्या झाडाची मुळे गुदमरून कुजतात. पावसाळ्यात कुंडीचे भोक बुजले की तुळस का मरते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. त्यातलाच हा प्रकार. मग ज्या झाडास अशा जागीच नांदावयाचे आहे, त्याने काय करावे? त्याने मुळेच हवेत वर काढली. या गुडघ्यांच्या सालीवर बारीक रंध्रे असतात. त्यांतून हवा आत शिरते आणि चिखलात बुडालेल्या भागापर्यंत पोहोचते. टेकूच्या मुळ्यांचे आणखी एक काम आहे. चिखलात खोल रोवून उभे राहण्यास आधार नाही, म्हणून पाय फाकून उभे राहावयाचे. नावेत उभा असलेला मनुष्य हेच करतो.

चिखल काळा का, याचेही कारण तेच. गळलेली पाने उघड्या भूमीवर लवकर कुजून मातीस मिळतात. हवा नसलेल्या पाण्यात कुजण्याची क्रिया मंदावते आणि पाचोळ्याचा काळा थर साचत राहतो. युरोप-अमेरिकेच्या थंड प्रदेशांत अशा पाणथळींत मॉस नावाची शेवाळासारखी वनस्पती माजते. तिचे थर हजारो वर्षे न कुजता दडपून पीट नावाचे इंधन बनते. आपल्याकडील उष्ण हवेत इतके खोल थर साचत नाहीत. पण तत्त्व एकच. पाणी म्हणजे वाहून जाणारी वस्तू, असे आपण समजतो. येथे पाणी हे राखून ठेवणारे आहे. त्याने पाचोळा राखला, ओल राखली, आणि एक फार जुने कुळ राखले.

त्या कुळाविषयी आता थोडे सांगावयास हवे. या राईतील मुख्य झाडाचे शास्त्रीय नाव मिरिस्टिका मॅग्निफिका. आपल्या घरातील जायफळ ज्या झाडाचे, ते मिरिस्टिका फ्रॅग्रन्स. म्हणजे ही सख्खी चुलत भावंडे. खऱ्या जायफळाचे मूळ घर पूर्वसमुद्रातील बांदा बेटे. सावंतवाडीजवळचे बांदा नव्हे, हे मुलांच्या माहितीसाठी सांगितलेले बरे! तेथून ते व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आपल्याकडे फार प्राचीन काळी पोहोचले. चरकाने मुखशुद्धीसाठी तोंडात धरावयाच्या द्रव्यांत लवंग, कापूर, वेलदोडा यांच्या पंक्तीस जातीफळ बसविले आहे. आज ते कोकणातील सुपारीच्या बागांतून लावतात, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याच्या सुधारलेल्या जातीही काढल्या आहेत. पुरणात, बासुंदीत, बाळाच्या गुटीत ज्याचे दोन वेढे दिल्यावाचून आपले चालत नाही, त्याचे रानटी भाऊबंद मात्र आपल्याच डोंगराच्या पायथ्याशी पाण्यात उभे आहेत, हे आमच्या घरात कोणास माहीत नव्हते.

रानटी भावास सुवास मात्र विशेष नाही. फळ पिकून उकलले की आत मोठे बी, आणि त्यावर लाल जाळीदार वेष्टन. हे वेष्टन म्हणजे आपली जायपत्री. तिच्या लाल रंगास भुलून धनेशासारखे मोठ्या चोचीचे पक्षी येतात, वेष्टन खातात आणि बी दूर कोठे टाकून देतात. नर आणि मादी झाडे निरनिराळी असतात. तेव्हा एखाद्या लहान राईत पन्नास झाडे मोजली, तरी फळे धरणारी त्याहून पुष्कळच कमी.

यापुढची गोष्ट ऐकून आम्ही स्तब्ध झालो. भाताचे, नाचणीचे, कुळथाचे बियाणे आपण वाळवून ठेवतो. कणगीत, मडक्यात ते वर्षभर टिकते, आणि पुढल्या मृगावर पेरले की उगवते. कान्हळाच्या बीस हे सोसत नाही. ते वाळले की मेले. झाडावरून पडल्यावर थोडक्या दिवसांत त्यास ओली जागा मिळाली पाहिजे. तेथेच कोंब फुटला पाहिजे. पुतणी म्हणाली, “काका, बहुतेक झाडे आपले वाण मातीत निजवून ठेवू शकतात. चार वर्षांनी पाऊस आला तरी उठते. याचे तसे नाही. आई आहे आणि पाणी आहे, तोवरच पोर आहे.”

म्हणूनच या झाडांची वस्ती इतकी थोडी उरली आहे. पाणी आटू नये, पण धबधब्यासारखे धावूही नये. भूमी सपाट असावी, उंची थोडी असावी, आणि वरची झाडी शाबूत असावी. इतक्या अटी एकत्र जुळतात त्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या अरुंद बेचक्यांतच. १९६० साली त्रावणकोराकडील अशा रानांची प्रथम शास्त्रीय नोंद झाली. १९६८ साली चॅम्पियन आणि सेठ या वनशास्त्रज्ञांनी भारतातील अरण्यांची जी प्रतवारी प्रसिद्ध केली, तीत या रानांस स्वतंत्र वर्ग मिळाला. केरळात मोजणी झाली तेव्हा असे सुमारे ६० तुकडे भरले. पण त्या सर्वांचे क्षेत्र मिळून १५० हेक्टरांच्या आसपासच. उत्तर कानडा जिल्ह्यात सिद्धापूर तालुक्यातील कत्तलेकान येथे असे रान आहे. कानडीत या नावाचा अर्थ ‘काळोखाचे रान’. तेथे बिब्ब्याच्या कुळातील एक नवीन वृक्ष सापडला, आणि २००० साली त्यास त्या रानाचेच नाव देण्यात आले. गोव्यात सत्तरी तालुक्यात बांबर येथे निरंकाराची राई आहे. तीही याच जातीची आणि तीही देवाचीच. मिरिस्टिका मॅग्निफिका हा वृक्ष जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे.

हे रान दक्षिणेकडेच असते आणि गोव्याच्या उत्तरेस ते नाही, असाच अभ्यासकांचा समज होता. २०१८ साली हेवाळे-बांबर्डेच्या या राईची नोंद ‘करंट सायन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, आणि या कुळाच्या पाणथळ रानाचे सर्वांत उत्तरेकडील ज्ञात ठाणे महाराष्ट्रात आहे, हे जगास कळले. जगास कळले, असे म्हणावयाचे. गावकऱ्यांस ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतेच. ते हिला कान्हळाची राई म्हणतात.

पुढे शासनाने २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये ही राई ‘जैविक वारसा स्थळ’ म्हणून घोषित केली. २०२१ च्या मार्चअखेर आंबोलीच्या हिरण्यकेशी तीर्थातील माशाच्या अधिवासास जो मान मिळाला, तोच या राईस त्याच्या आधी मिळाला होता. क्षेत्र अवघे २.५९ हेक्टर, म्हणजे साडेसहा एकरांच्या आत. आमच्या गावातील एखाद्या खात्यापित्या घरची वाडी याहून मोठी असते.

आम्ही त्या वृद्धांस विचारले, “इतकी वर्षे कोणी येथे कोयता घातला नाही?”

ते म्हणाले, “कोण घालतलो? देव बघता मा.”

देव पाहत आहे! आम्ही शिकलेली माणसे या उत्तरास भोळेपणा म्हणतो. आम्हीही वर्गात म्हटलेले आहे. परंतु त्या पाण्यात उभे राहून विचार केला, तेव्हा वाटले की, ज्या भूमीस वैद्यकाने अपथ्य ठरविले, सरकारी दप्तराने पडीक लिहिले, आणि आमच्यासारख्या पंडितांनी फक्त समास सोडविण्यापुरते ओळखले, तिचे मोल या लोकांनी आपल्या भाषेत बरोबर मांडले होते. झाडाचे शास्त्र त्यांस ठाऊक नसेल. पण ही जागा एकदा गेली तर परत यावयाची नाही, एवढे ते जाणून होते. आणि जे परत येत नाही, ते देवाच्या नावे करून ठेवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे.

परंतु राईच्या वरच्या अंगास उभे राहून त्या वृद्धांनी जे दाखविले, त्याने आमचे हे समाधान थोडे ढळले. त्यांनी हात वर करून टेकडीकडे बोट केले.

“गुरुजी, ह्या पाणी त्या डोंगरातसून येता. डोंगर रवलो तर राई रवतली.”

दक्षिण कोकणात वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पण तो सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने राई जगते ती त्या पावसाच्या उधारीवर. वरच्या सड्याचा जांभा सच्छिद्र असतो. उतारावर झाडी आणि पाचोळा असला की धावणारे पाणी अडखळते, मुरते आणि डोंगराच्या पोटातून थेंबाथेंबाने झिरपत वैशाखापर्यंत या बेचक्यात येऊन पोहोचते. डोंगर उघडा झाला, तर हेच पाणी श्रावणात लोंढ्याने येईल, गाळ आणील, मुळांचे गुडघे गाळात पुरील, आणि माघात ओहोळ कोरडा पडेल. राईतील एकाही झाडास कुऱ्हाड न लावता राई मारता येते. देवाने सीमा आखून दिली ती झाडांपुरती. कायद्याने आखली तीही जवळजवळ तेवढीच. पाण्याची सीमा मात्र वरच्या डोंगरमाथ्यापर्यंत पोहोचते. तालुक्यातील टेकड्यांवर जंगल उतरवून रबर आणि अननस चढत असलेले आम्ही येताना पाहिलेच होते. लावणाऱ्यांस दोष तरी कसा द्यावा? त्यांनाही घरी मुले आहेत. दोष द्यावयाचाच तर आम्हांस आमच्या घरापासून आरंभ केला पाहिजे.

आता ती सांगावयाची राहिलेली गोष्ट. आमच्या वाडीच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी सात-आठ गुंठ्यांचा एक खोलगट तुकडा होता. त्यात बारा महिने ओल असे. पावसाळ्यात गुडघाभर पाणी, उन्हाळ्यात चिखल. केवड्याची दाटी, नेचे, बेडूक आणि रात्री काजवे. आजीने तेथे कधी कोणास लाकूड तोडू दिले नाही. कारण विचारले तर ‘तेथे निवळी बसते’ एवढेच ती म्हणे. १९८७ साली वडील वारले, कारभार आमच्याकडे आला. वडिलांचेच वचन स्मरून आम्ही गडी लावले, पुरुषभर खोल चर काढला, पाणी ओढ्यास सोडून दिले, आणि दोन वर्षांनी तेथे सुपारी लावली. गावाने शाबासकी दिली. मास्तरांनी निरुपयोगी जागा कामास आणली, असे जो तो म्हणाला. सुपारीने पैसाही दिला. पुतणीचे पुण्याचे शिक्षण काही अंशी त्याच सुपारीवर झाले आहे.

परंतु त्या तुकड्याच्या खालच्या अंगास आमची विहीर. पूर्वी ती कधी आटली नव्हती. चर काढल्याच्या तिसऱ्या वैशाखात प्रथमच तिचा तळ दिसला. आम्ही म्हटले, पाऊस कमी झाला. पुढे दर चार-पाच वर्षांनी तळ दिसू लागला. आम्ही विहीर दोन वेळा खोल केली, पंप बसविला, आणि कारण नेहमी आकाशात शोधले. भूमीत शोधले नाही. राईच्या काठावर उभे राहून पुतणीने पाण्याचा हिशेब सांगितला, तेव्हा तिने आमच्या वाडीचे नावही काढले नाही. लहानपणापासून तिने तो चर पाहिला होता. तरी ती बोलली नाही. मुलीचा हा विनय आम्हांस तिच्या सर्व शास्त्रापेक्षा अधिक लागला.

परत येताना गाडीत कोणी फारसे बोलले नाही. रात्री पडवीत आम्ही आपण होऊन विषय काढला. धाकटे बंधू वाडी सांभाळतात. ते म्हणाले, “दादा, सुपारीच्या मुळाशी पाणी तुंबले तर बाग कुजेल. पोरांच्या तोंडचा घास काढून चिखल करावयाचा काय?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आवेशाने निर्णय घ्यावयाचे आमचे वय नाही, आणि ज्याच्या घामावर बाग उभी आहे त्याच्या शब्दास वजन असलेच पाहिजे. चार रात्री बोलणे चालले. शेवटी असे ठरले की, वरच्या बाजूची तीन गुंठे जागा, जेथे सुपारी मुळातच खुरटी राहिली आहे, ती सोडून द्यावयाची. तेथे चरास दगडमातीचा बांध घालावयाचा. खालची बाग आणि तिचा चर जसा आहे तसा ठेवावयाचा. बंधूंनी बांध स्वतः घातला. आम्ही दगड दिले.

तीन गुंठ्यांनी विहीर भरते, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही, आणि तेथे काही कान्हळ उगवणार नाही. गेलेले वाण पुन्हा येत नाही, हेच तर त्या राईत शिकून आलो. परंतु ज्येष्ठात पहिला मोठा पाऊस झाला, त्या रात्री झोप येईना म्हणून कंदील घेऊन आम्ही मागे गेलो. बांधाच्या आत वीतभर पाणी उभे होते आणि त्यात बेडूक ओरडत होते. सदतीस-अडतीस वर्षांनी त्या जागी हा आवाज आम्ही ऐकला. मागून पावले वाजली म्हणून वळलो, तो बंधू, वहिनी आणि आमच्या सौभाग्यवती अशी तिघेही उभी. कोणी बोलले नाही. थोड्या वेळाने सौभाग्यवतींनी बांधाच्या काठाशी आपल्या चपला काढून ठेवल्या. मग आम्हीही काढल्या.